मदत हवी आहे : शाळेत मुलासोबत थांबायला मदतनीस कसा मिळेल?

लातूर जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, जिल्हा परिषद शाळेत तिसरीत. सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसतो), यूडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्रावर 65 टक्के दिव्यांगत्व. विशेष शिक्षक महिन्यातून एकदा येतात. बाकी दिवस लघवीला न्यायलाही कुणी नसतं, म्हणून लेकरू सकाळपासून पाणीच पीत नाही. बघवत नाही हो. वर्गशिक्षिका जीव लावतात, पण त्यांच्याकडे दोन वर्ग.

मुख्याध्यापकांना अर्ज दिलाय. गट साधन केंद्रात (शिक्षण विभागाचं तालुक्याचं केंद्र) दोनदा गेलो, 'भत्ता मिळेल, माणूस नाही' म्हणाले. निवासी शाळेत ठेवायचं नाही. आमची मजुरी, दिवसभर शाळेत बसणं जमत नाही.

समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतून मदतनीस भत्ता कुणाला प्रत्यक्ष मिळालाय का? त्यातून गावातलीच एखादी बाई ठेवता येते का? आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचा आधार घेऊन लेखी अर्ज नेमका कुणाच्या नावे करायचा?