पाउंड की स्टीव्हन्स: १९८२ नंतर काय वाचू?

एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मदत हवी आहे; विषय एझ्रा पाउंड आणि वॉलेस स्टीव्हन्स हे दोन आधुनिकतावादी अमेरिकी कवी. समीक्षक ह्यू केनरचं 'द पाउंड एरा' (१९७१) वाचलं; त्यात स्टीव्हन्सची बोळवण चार-दोन पानांत. स्टीव्हन्सच्या बाजूचे समीक्षक, म्हणजे हेलन व्हेंडलरचं 'ऑन एक्स्टेंडेड विंग्ज' आणि हॅरॉल्ड ब्लूमही वाचून झाले. मार्जोरी पर्लॉफचा १९८२चा लेख समीक्षकांचे दोन्ही तंबू नेमके दाखवतो: पाउंडवाले रचना बघतात, कोलाज (तुकड्यांची जुळणी) बघतात, स्टीव्हन्सवाले आशय आणि रोमँटिक परंपरा. पण माझी गाडी तिथेच अडली आहे. पाउंडचं राजकारण विषयाबाहेर आहे, त्यामुळे ते नको. जेस्टोर (शोधनियतकालिकांचा ऑनलाइन संग्रह) मिळतं, महागडी पुस्तकं नाही. पाउंडच्या 'कँटोज' या दीर्घ काव्यासारखीच स्टीव्हन्सची दीर्घ कविताही रचनेच्या अंगाने, ओळ-ओळ धरून तपासणारं नंतरचं लेखन कोणाचं आहे? आधी कोणता लेख घेऊ?