लॅबच्या दारावरची पाटी नवीन करायची आहे, नियम काय लिहू?

लॅबताई

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात मी नऊ वर्षं कॉम्प्युटर लॅबची असिस्टंट आहे. मशीन ३०, त्यातली चालू २६, आणि एफवायची बॅच ४० ची. दारावर जुनी फ्लेक्सची पाटी आहे: चपला बाहेर काढा, शांतता राखा, पाण्याची बाटली आणू नका, पेनड्राइव्ह लावू नका, वैयक्तिक कामास सक्त मनाई. उन्हानं ती पार विटलीय. प्राचार्य म्हणाले, नवीन करून घेऊ, मजकूर तुम्ही द्या. तोच मजकूर पुन्हा टाइप करून दिला असता, पण गेल्या महिन्यात जे झालं त्यानंतर हात धजत नाही.

एसवायची एक मुलगी प्रॅक्टिकल संपल्यावर जीमेल बंद न करताच बस गाठायला पळाली. दुसऱ्या दिवशी कळलं, तिच्या मेलवरून एका सरांना फार घाणेरडा मजकूर गेलाय. सरांनी तिला भर वर्गात उभं करून विचारलं. ती लॅबमध्ये आली तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, नुसती १७ नंबरच्या मशीनकडे बोट दाखवत होती. मी रजिस्टर काढलं. त्या दुपारच्या पानावर अकरा नावं एकाच अक्षरात, एकाच शाईनं. पहिल्यासमोर १२.३०, खाली सगळ्यांना वरीलप्रमाणेच्या दोन टिचक्या. तिच्यानंतर तिथं कोण बसलं, हे मला सांगताच आलं नाही. ते मला अजून लागून राहिलंय. रजिस्टर माझ्या ताब्यात असतं, रोज खाली सही मीच करते.

त्या संध्याकाळी थांबून एकेक मशीन उघडून पाहिलं. महाडीबीटीचे, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपचे, फॉर्म भरायचे दिवस. डाउनलोड्समध्ये आधार, उत्पन्नाचे दाखले, जातीचे दाखले, पासबुकाची पहिली पानं. एकट्या ४ नंबरवर शंभराच्या वर फाइली. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून मुलं निर्धास्त असतात. पण तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. वर्गातल्या कुठल्या पोराला हे माहीत नसतं?

तर असं काय लिहू, जे मुलं खरंच पाळतील?

प्रॅक्टिकलवाले सर

ताई, पहिलं काम रजिस्टरचं. रोल नंबरप्रमाणे मशीन ठरवून द्या. आमच्याकडे १ ते २० पहिल्या तासाला, २१ ते ४० दुसऱ्या. तक्ता भिंतीवर लावलेला असतो, त्यामुळे त्या वेळी त्या खुर्चीवर कोण होतं हे वेगळं लिहावं लागत नाही. आणि बसल्या बसल्या आधी बघायचं: माऊस, कीबोर्ड, आधीच्या कुणाचं काही उघडं आहे का. उघडं दिसलं तर न वाचता बंद करायचं आणि आम्हाला सांगायचं. सांगितलं म्हणून कुणावर ओरडायचं नाही, ही आमची बाजू.

कायदाही वर्षाच्या सुरुवातीला एकदा नीट सांगा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये कलम ६६सी आहे. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळखीची तशीच खूण अप्रामाणिकपणे वापरली तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. मुलांना ही थट्टा वाटते, म्हणून सांगावं लागतं. पाटीवर मात्र कलम लिहू नका, कुणी वाचत नाही.

वायरवाला

मी तीन कॉलेजांच्या लॅब सांभाळतो. माणसाच्या आठवणीवर सोडू नका, जमेल तेवढं मशीनवर टाका.

ब्राउझर गेस्ट मोडमध्येच उघडेल असं करून ठेवा. सगळ्या खिडक्या बंद केल्या की लॉगिन आणि हिस्ट्री दोन्ही जातं. पण नीट ऐका, उतरवलेल्या फाइली जात नाहीत, त्या डाउनलोड्समध्ये तशाच राहतात. त्यासाठी विंडोज १० मध्ये स्टोरेज सेन्स आहे. डाउनलोड्समधली एक दिवस न उघडलेली फाइल काढून टाक, असं त्याला सांगता येतं. सेटिंग्जमध्ये स्वतः जाऊन चालू करावं लागतं.

डिस्क गोठवणारं सॉफ्टवेअर घेता आलं तर उत्तम. मशीन रीस्टार्ट केलं की सी ड्राइव्ह होता तसा परत येतो. डी ड्राइव्ह मात्र गोठवू नका, नाहीतर मुलांचे प्रोग्रॅमही उडतील.

पेनड्राइव्हवर सरसकट बंदी घालू नका, मुलं लपवून लावतातच. शॉर्टकट व्हायरस असला की फोल्डर नाहीसे होतात आणि त्याच नावाचे शॉर्टकट दिसतात. मूल घाबरून त्यावरच क्लिक करतं आणि तिथूनच तो मशीनमध्ये शिरतो. फाइली बहुतेक वेळा आतच असतात, नुसत्या लपवलेल्या. तुमच्या टेबलावर एक मशीन फक्त पेनड्राइव्ह तपासायला ठेवा.

टीवाय बीकॉम

मी तुमच्या कॉलेजची नाही, पण आमची पाटी शब्दन् शब्द तुमच्यासारखीच आहे. ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर पाटीच्या त्या शेवटच्या ओळीतच आहे, असं मला वाटतं.

माझ्या घरी कॉम्प्युटर नाही. वडिलांचा आणि माझा मिळून एक मोबाईल. स्कॉलरशिपचा फॉर्म मोबाईलवर भरून बघा एकदा. दाखला ठरलेल्या केबीत बसवायचा, ओटीपी यायचा, तोवर पान मागे जायचं. सायबर कॅफेत माणूस पैसे घेतो आणि आपलं आधार त्याच्याच मशीनवर राहतं. म्हणून आम्ही लॅबमध्ये भरतो. पण वैयक्तिक कामास सक्त मनाई! म्हणून टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, उघडी ठेवून मागे फॉर्म. सर उठले की खिडकी खाली. बेल झाली की मॉनिटरचं बटण दाबून उठायचं. लॉगआउट करायला बसलं तर सापडू. माझंही लॉगिन दोनदा तसंच राहिलंय. निष्काळजीपणानं नाही, भीतीनं.

लॅबताई

टीवाय बीकॉम, तुझं लिहिलेलं काल रात्री तीनदा वाचलं. नऊ वर्षांत मुलांना मॉनिटर बंद करून झटकन उठताना मी रोज पाहिलंय. मला वाटायचं, यांना शिस्त नाही. मी जवळ गेले की खिडक्या मिटतात, हेही दिसायचं. पण ती मिटलेली खिडकी आणि डाउनलोड्समधले दाखले एकाच कारणानं आहेत, हे मनातच आलं नव्हतं.

आज सकाळी प्राचार्यांशी बोलले. बंदीची ओळ काढतोय. बुधवारी आणि शनिवारी दुपारी ३ ते ५ लॅब फॉर्मसाठी उघडी, मी स्वतः थांबणार. शेवटची दहा मिनिटं कुणी नवीन काम सुरू करायचं नाही. लॉगआउट, फाइली स्वतःच्या मेलवर नाहीतर डिजिलॉकरमध्ये आहेत याची खात्री, मग शिफ्ट दाबून डिलीट. प्रॅक्टिकलच्या बॅचलाही बेलच्या आधी पाच मिनिटं देणार. बस असणाऱ्यांना तेवढीच लागतात.

पाटीवर सगळ्यात वर लिहितेय: "उठताना आपलं काही मागे ठेवू नका. बसताना दुसऱ्याचं उघडं दिसलं तर वाचू नका, ताईंना सांगा." त्याखाली पाण्याची बाटली आणि यूपीएस. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट दिवसातून चारदा जाते, बॅटऱ्या जुन्या आहेत. पहिल्या बीपलाच सेव्ह करून मशीन बंद करायचं, हे लिहिणं भाग आहे. चपला राहू देते, फरशी धुळीची आहे.

सर, रोल नंबरचा तक्ता सोमवारपासून लावते. त्या मुलीची तिच्या सरांनी वर्गातच माफी मागितली, हेही सांगते. मेल कुणी पाठवला ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

वायरवाला दादा, एक अडचण. आमच्या टॅलीचा सगळा डेटा सी ड्राइव्हवर आहे, २६ मशीनवर वेगवेगळा. तो आधी डी वर हलवून, टॅलीत नवा पत्ता देऊन मगच सी गोठवू ना? की बॅकअप घेऊन सुरुवातीपासून करू? शनिवारी संध्याकाळी बसणार आहे.