घरी नेण्याचा शिधा घरभर वाटला जातो

अंगणवाडी म्हणजे खिचडी वाटायची जागा, असं काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा (गरज पडल्यास मोठ्या दवाखान्यात पाठवणं), पूर्वप्राथमिक शिक्षण आणि आयांना आहाराचं मार्गदर्शन हे सगळं पूरक आहाराच्या जोडीने त्यात आहे.

खरी अडचण तीन वर्षांखालच्या मुलांची. मोठी मुलं अंगणवाडीत बसून जेवतात. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांचा शिधा मात्र घरी जातो आणि सगळ्यांच्या ताटात वाटला जातो. बाळासाठी ठरलेले रोजचे ५०० उष्मांक बाळाला मिळतात का, हे कोण बघणार? वाढ खुंटते ती याच वयात. नुसत्या पेजेवर बाळ वाढत नाही. नाचणीचं तिजण (खीर), डाळ, अंडं, मऊ केलेली मासळी रोज थोडीथोडी हवी. गोव्यातल्या सत्तरी-पेडण्यात हे सांगायला सेविकेने घरी जायला हवं, पण तिचा वेळ नोंदी भरण्यातच जातो.

वास्को, म्हापशाकडच्या बांधकाम मजुरांची मुलंही विसरू नका. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने हा आहार त्यांचाही हक्क आहे. कुटुंब दुसरीकडे गेलं तर पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या नोंदींच्या सरकारी ॲपवर) नोंद हलवता येते, हे त्या आयांना आवर्जून सांगा.