मदत हवी आहे: जोडाक्षराचा भार कधी धरायचा? आणि वृत्त-व्याकरणावरून कवितेच्या अर्थाकडे कसं जायचं?

नमस्कार. मराठी साहित्याचा अभ्यास मी घरूनच, पुस्तकांच्या भरवशावर करते आहे. व्याकरण, छंद आणि रसग्रहण तिन्ही एकाच पेपरात आहेत आणि शंका विचारायला जवळपास कोणी नाही, म्हणून इथल्या जाणकारांना त्रास देते. प्रश्न दोन आहेत. पहिला नेमका आहे, दुसरा जरा पसरट.

पहिला लघू-गुरूचा, म्हणजे उच्चारात हलक्या आणि भारी अक्षरांचा. गण (तीन-तीन अक्षरांचे गट) ओळखायचं सूत्र 'यमाताराजभानसलगा' पाठ आहे, गण पाडता येतात. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात, म्हणजे चरणात 12 अक्षरं आणि चार वेळा 'य' गण. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' हा चरण असा पडतो: मनास, ज्जनाभ, क्तिपंथे, चिजावे. प्रत्येक तुकडा लघू-गुरू-गुरू. 'स' आणि 'भ' ऱ्हस्व असूनही गुरू, कारण पुढे जोडाक्षर आहे. इथवर सगळं सरळ.

तिसऱ्या चरणात अडते. 'जनी निंद्य ते सर्व सोडूनि द्यावे' याचे तुकडे: जनीनिं, द्यतेस, र्वसोडू, निद्यावे. शेवटच्या गणात 'नि' लघू हवा. पण त्याच्यापुढे 'द्या' आहे! नियम लावला तर 'नि' गुरू होतो आणि 'य' गणाचा 'म' गण (तिन्ही गुरू) होऊन बसतो. म्हणताना मात्र चाल कुठेच अडखळत नाही.

उलट 'सुश्लोक वामनाचा' यात 'सु' गुरू धरला तरच 12 मात्रा (लघूची 1, गुरूच्या 2) भरतात, लघू धरला तर 11 होतात. मग एका ठिकाणी जोडाक्षराचा भार पडतो आणि दुसऱ्या ठिकाणी पडत नाही, हे ठरवायचं कशावरून? ही कवीने घेतलेली सूट आहे, की यामागे नियम आहे?

दुसरा प्रश्न रसग्रहणाचा. नमुना उत्तरं वाचली की वृत्त अमुक, अलंकार तमुक, रस शांत, भाषा प्रासादिक असं लिहिलेलं असतं. हे सगळं बरोबर असलं तरी त्यातून कविता कशी उभी राहिली ते कळत नाही. प्रयोग, विभक्ती, काळ आपण इतके घोटून शिकतो आणि कवितेपाशी आलो की बाजूला ठेवून देतो, याचं मला फार वाईट वाटतं. व्याकरणाचा धागा धरून अर्थापर्यंत पोचलेलं एखादं उदाहरण कोणी करून दाखवेल का? मनाच्या श्लोकाचंच चाललं तर उत्तम, कारण त्याच्या दुसऱ्या चरणातलं ('तरी श्रीहरी पाविजेतो स्वभावे') 'पाविजेतो' हे रूपही मला नीट उलगडत नाही.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद 1

सूट नाही, नियमच आहे. पाठ्यपुस्तकात तो अर्धाच छापतात. जोडाक्षरामागचं ऱ्हस्व अक्षर गुरू होतं ते त्याच्यावर आघात येतो म्हणून. आघात नसेल तर ते लघूच राहतं. 'सज्जन', 'भक्ती', 'विद्या' मोठ्याने म्हणा, पहिल्या अक्षरावर जोर येतो. आता 'तुझ्या', 'दुसऱ्या', 'पुन्हा', 'तऱ्हा' म्हणा. जोडाक्षर आहे, पण मागच्या अक्षरावर जोर नाही, म्हणून 'तु', 'स', 'पु', 'त' सगळे लघू.

तुमच्या ओळीत आणखी एक गोष्ट आहे. 'सोडूनि' हा शब्द संपला आणि 'द्यावे' नवा सुरू झाला. संस्कृतात शब्द बदलला तरी चरणाच्या आत पुढचं जोडाक्षर मागच्या लघूला गुरू करतं. मराठीत सहसा तसं होत नाही, कारण आपण 'सोडूनिद्-द्यावे' असं म्हणत नाही. 'सुश्लोक' हा एकच शब्द आहे आणि तिथे 'सु'वर जोर स्पष्ट येतो. म्हणून आधी ओळ म्हणायची, खुणा नंतर करायच्या.

प्रतिसाद 2

थोडं अवांतर, पण उदाहरण छान घेतलंत म्हणून लिहितो. 'सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची । ओवी ज्ञानेशाची, किंवा आर्या मयूरपंताची' यातले चारही चरण मोजून बघा: 12, 18, 12, 18. आर्या या वृत्ताचा चौथा चरण 15 मात्रांचा असतो, 18 मात्रांचा असला की ती गीती. म्हणजे आर्येची थोरवी सांगणारी ही ओळ स्वतः गीतीत आहे! मोरोपंतांच्या ज्या रचनेला आपण सरसकट आर्या म्हणतो तिच्यातही गीती भरपूर आहे. परीक्षेत चौथा चरण मोजल्याशिवाय 'आर्या' लिहू नका.

प्रतिसाद 3

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. 'पाविजेतो' हा पुराण कर्मणी प्रयोग, 'बोलिजेले', 'म्हणीजे' यांच्या घरातला. अर्थ 'प्राप्त केला जातो'. श्रीहरी हे कर्म आहे आणि क्रियापद त्याच्यामागे चालतं.

आता चारही चरणांची क्रियापदं ओळीने लिहा: जावे, पाविजेतो, सोडूनि द्यावे, करावे. कर्ता शोधा. एकाही चरणात नाही. 'मना' आहे, पण ते संबोधन. कोणी जावं, कोणी सोडावं, कोणाला हरी भेटतो, हे वाक्यात कुठेच सांगितलेलं नाही. म्हणून म्हणणारा प्रत्येक जण ती जागा स्वतः भरतो. उपदेश दुसऱ्या कोणाला केल्यासारखा वाटत नाही, त्याचं एक कारण हे आहे असं माझं मत.

दुसरी गोष्ट काळ-अर्थाची. तीन क्रियापदं विध्यर्थी, म्हणजे कर्तव्य सांगणारी. मधलं एकटं 'पाविजेतो' साध्या वर्तमानकाळात आहे. 'पावेल' असं आश्वासन नाही, 'पावो' अशी प्रार्थना नाही. या वाटेने गेलं की हे घडतंच, तेही 'स्वभावे', म्हणजे सहज. तीन आज्ञांच्या मध्ये एक सिद्ध गोष्ट ठेवली आहे. हे लिहिलंत की प्रयोग ओळखल्याचा उपयोग झाला.

वृत्ताचंही तसंच. बालकवींच्या 'क्षणात येते सरसर शिरवे' मध्ये 8-8 मात्रांचे दोन तुकडे आहेत. 'सरसर शिरवे' यात आधी सलग सहा लघू आणि मग एकच गुरू. सर अंगावर येते आणि थांबते, हे मात्रांनीच घडवलंय. 'सरसर' या अनुकरणवाचक शब्दाने त्याला साथ दिली. त्याच कवितेत 'चोहिकडे' छापलेलं दिसेल. गद्यात 'चोहीकडे' लिहितो, पण इथे 6 मात्रा हव्यात म्हणून 'हि' ऱ्हस्व. ही मात्र खरी सूट.

फक्त वृत्ताचं नाव लिहून पुढे जाऊ नका. ज्या जागी लय किंवा रूप वेगळं वागतं त्या एका जागी थांबा आणि तिथे काय होतं ते सांगा. अशी एक जागा पकडलीत तरी उत्तर तुमचं होतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. 'आधी म्हणायची, मग खुणा' हे आजपासून सुरू. लगेच एक करून बघितलं: 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी । कर कटावरी ठेवोनिया'. अक्षरं 6, 6, 6, 4, यमक दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्यात. अभंगात लघू-गुरू पाहायचे नाहीत, हे बरोबर ना? पुढच्या ओळीत 'तुळसीहार गळा' 7 अक्षरं होतात, ते चालतं का? आणि पहिल्या ओळीत मला पूर्ण क्रियापदच सापडत नाही. 'ठेवोनिया'वर वाक्य संपतं. विठ्ठल उभाच राहिलाय असं यावरून म्हणता येईल का?

प्रतिसाद 3

लघू-गुरू नकोत, हो. एखादं अक्षर वाढलेलं गाताना सामावून घेतात, अभंगात ते नेहमीचं आहे.

क्रियापदाचं निरीक्षण अचूक आहे, पण जुन्या मराठीत 'आहे' गाळणं सर्रास चालतं, त्यामुळे तेवढ्यावर फार भार टाकू नका. ते पुढच्या ओळीशी जोडा. 'कासे पीतांबर' इथपर्यंत नुसतं रूप आहे, पूर्ण क्रियापद एकही नाही. अभंगातलं पहिलं पूर्ण क्रियापद येतं ते 'आवडे', आणि ते विठ्ठलाचं काही करणं सांगत नाही, पाहणाऱ्याचं सांगतं. तुमचं रसग्रहण तिथून सुरू करा.