इंडोनेशियाचे भूवापर-उत्सर्जन: कोणता आकडा धरावा?

मृण्मयी_प (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पर्यावरणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी इंडोनेशियातील भूवापर-बदल व वनक्षेत्र यांतून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनावर प्रबंध लिहीत आहे. अडचण अशी की, या देशाचे आकडे एकमेकांशी जुळतच नाहीत. एका तक्त्यात २०१५ साल आजूबाजूच्या सगळ्या वर्षांच्या कितीतरी वर जाते, तर दुसऱ्यात त्याच वर्षी जेमतेम चढ दिसतो. शिवाय २०१६ नंतर जंगलतोड बरीच घटली असे सांगितले जात असताना एकूण उत्सर्जन त्या मानाने का उतरत नाही, हेही उमगत नाही. कोणता आकडा ग्राह्य धरावा आणि का, हे जाणकारांनी सांगावे.

मातीचा_अभ्यासक

नुसती झाडे मोजून या देशाचा हिशेब लागत नाही, कारण कार्बनचा मोठा साठा मातीत आहे. सुमात्रा, कालिमांतान (बोर्निओ बेटाचा इंडोनेशियातील भाग) आणि पापुआच्या सखल भागांत मिळून दीड कोटी हेक्टरांच्या आसपास पीटची जमीन आहे. तिथे वर्षभर पाणी साचून राहत असल्याने पालापाचोळा, मुळे आणि खोडे पूर्ण कुजत नाहीत; त्यांचे थर हजारो वर्षे साचत आले असून काही ठिकाणी ते १० मीटरांहूनही खोल आहेत. उभ्या जंगलात हेक्टरी साधारण १५० ते २०० टन कार्बन असतो, तर त्याखालच्या पीटमध्ये थराच्या दर मीटर जाडीमागे हेक्टरी ६०० टनांच्या घरात.

या जमिनीवर तेलपाम किंवा कागदाच्या लगद्यासाठी अकेशिया लावायचा, तर आधी कालवे खोदून पाण्याचा निचरा करावा लागतो. पाणी उतरले की हवा आत शिरते आणि इतकी वर्षे थांबलेले कुजणे सुरू होते. आयपीसीसीने (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक तज्ज्ञ समितीने) २०१३ साली पाणथळ जमिनींसाठी काढलेल्या पूरक मार्गदर्शिकेत, निचरा केलेल्या पीटवरील तेलपामसाठी हेक्टरी वर्षाला ११ टन कार्बन, म्हणजे सुमारे ४० टन कार्बन डायऑक्साइड, असा गुणांक दिला आहे. सोबत जमीनही खचते: निचऱ्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत जवळपास दीड मीटर आणि पुढे वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर. अशा जुन्या मळ्यांत पामची झाडे एका बाजूला कललेली आणि त्यांची मुळे उघडी पडलेली दिसतात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. तोड एकदाच होते, पण कालवे वाहते आहेत तोवर पीट कुजतच राहते. त्यामुळे आज एकही झाड पडले नाही, तरी पूर्वी निचरा केलेल्या जमिनीचे उत्सर्जन यंदाच्या खात्यात येणारच. १९९५ साली सुहार्तो राजवटीने मध्य कालिमांतानात सुमारे दहा लाख हेक्टरांवर भातशेतीची योजना हाती घेतली आणि हजारो किलोमीटर कालवे खोदले. भात पिकला नाही, योजना गुंडाळली गेली, कालवे मात्र तसेच राहिले, आणि १९९७ च्या एल निनोत (प्रशांत महासागराचे पाणी तापून या भागात दुष्काळ पडतो त्या स्थितीत) हाच कोरडा पट्टा मोठ्या प्रमाणावर पेटला.

हिशेबनीस

वरच्या प्रतिसादाला जोडून आकड्यांविषयी लिहितो. २०१५ च्या चढाचा फरक मुख्यतः आगींमुळे पडतो. त्या वर्षी देशात सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र जळाले. पण तक्ता करणाऱ्याने पीटच्या आगी धरल्या की वगळल्या, यावर आकडा कित्येक पटींनी बदलतो. इंडोनेशियाने हवामान कराराखाली २०१६ मध्ये अंतिम केलेल्या वन-संदर्भ पातळीत (पुढची घट ज्याच्याशी ताडून पाहायची त्या मूळ आकड्यात) १९९० ते २०१२ हा काळ घेऊन जंगलतोड, जंगलाची अवनती आणि पीटचे कुजणे मोजले, पीटच्या आगी मात्र मुख्य आकड्याबाहेर ठेवल्या.

ही लपवाछपवी समजू नये, कारण आगीचे मोजमाप खरोखरच कठीण आहे. उपग्रहाला जळालेले क्षेत्र दिसते, पण जमिनीखाली धुमसणारी आग किती खोल उतरली ते दिसत नाही. १९९७ च्या आगींचा सर्वाधिक उद्धृत केला जाणारा अंदाज ०.८१ ते २.५७ अब्ज टन कार्बन असा आहे, म्हणजे खालच्या आणि वरच्या टोकांत तिपटीहून अधिक अंतर. तरीही आगी वगळणे मला मान्य नाही. निचरा माणसाने केला, बहुतेक ठिकाणी काडीही माणसानेच लावली. मग ते उत्सर्जन मानवी खात्याबाहेर कसे ठेवता येईल? वन आणि भूवापर क्षेत्राने २०३० पर्यंत वर्षाला कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात १४ कोटी टन निव्वळ शोषण करावे, असे देशाचे जाहीर उद्दिष्ट आहे. पुढचे एल निनो वर्ष हिशेबात धरले की नाही, यावर त्या उद्दिष्टाची किंमत ठरेल.

तेव्हा एकच आकडा निवडू नका. प्रत्येक आकड्यासमोर पीटचे कुजणे, पीटच्या आगी आणि पुन्हा वाढणाऱ्या झाडांचे शोषण यांपैकी काय धरले आहे, याची नोंद करा. निम्मी विसंगती तिथेच सुटेल.

मृण्मयी_प

दोघांचेही मनःपूर्वक आभार. या उत्सर्जनात भारताचा वाटा दाखवता येईल का? मार्गदर्शकांनी तसा एक विभाग सुचवला आहे.

तेलबिया_बाजार

पामतेल आयात करण्यात भारत जगात पहिला असून त्यातला मोठा हिस्सा इंडोनेशियातून येतो. आपल्याकडे फरसाण, बिस्किटे, वनस्पती तूप आणि साबण यांत ते सर्रास असते. इंडोनेशियाने २०२२ च्या एप्रिलअखेरीस निर्यात सुमारे तीन आठवडे थांबवली, तेव्हा इथल्या बाजारात लगेच चिंता पसरली होती. मात्र राष्ट्रीय नोंदीत उत्सर्जन जिथे घडते त्याच देशाच्या नावे लागते, वस्तू वापरणाऱ्याच्या नावे लागत नाही. म्हणून भारताचा वाटा मुख्य तक्त्यात न घालता स्वतंत्र विभागात दाखवावा.

फक्त ‘पामतेल वाईट’ असा निष्कर्ष कृपया काढू नका. पामपासून हेक्टरी ३ ते ४ टन तेल मिळते, सोयाबीनपासून अर्ध्या टनाच्या आसपास. तेवढेच तेल सोयाबीनमधून काढायचे, तर कितीतरी अधिक जमीन लागेल. खनिज (म्हणजे पीट नसलेल्या साध्या) मातीवरचा जुना मळा आणि पीटवर नव्याने उभा केलेला मळा यांच्या उत्सर्जनात फार मोठे अंतर आहे, आणि खरेदीदाराने विचारायला हवे ते हेच.

मातीचा_अभ्यासक

सहमत. एक भर घालतो. पीटवर लागवड असेल तिथे भूजलपातळी पृष्ठभागापासून ४० सेंटिमीटरांपेक्षा खाली जाऊ नये, असा नियम तिथल्या सरकारने २०१४ मध्ये केला. भोके पाडलेला पाइप जमिनीत उभा रोवून ही पातळी मोजतात, आणि ती टिकवण्यासाठी कालव्यांत ठिकठिकाणी बांध घालतात. पातळी वर आली की कुजणे मंदावते. मिथेन थोडा वाढतो, पण कार्बन डायऑक्साइडमधली घट त्याहून बरीच मोठी असते. तुमच्या प्रबंधात जंगलतोडीच्या आलेखाशेजारी भूजलपातळीच्या नोंदी मांडता आल्या, तर उत्सर्जन का रेंगाळले आहे ते वाचणाऱ्याला वेगळे समजवावे लागणार नाही.