प्रति: कोलनागो मऊ की दे रोझा?
कोलनागो आणि दे रोझा या इटालियन सायकलींपैकी कोलनागो मऊ चालते आणि दे रोझा कडक, असं वर दोघांनी लिहिलंय. तसा अनुभव आला असेल, नाकारत नाही. पण सत्तर-ऐंशीच्या दशकांत दोघेही बहुतेक फ्रेम कोलंबस या इटालियन कंपनीच्याच पोलादी नळ्यांच्या बांधत, त्यामुळे सगळं श्रेय ब्रँडला देणं मला पटत नाही. आधी फ्रेम एसएलची आहे की एसपीची (कोलंबसचे दोन नळीसंच) ते बघा. एसएलच्या मुख्य नळ्यांची जाडी टोकांना 0.9 आणि मध्ये 0.6 मिमी, एसपीची 1.0 आणि 0.7. मोठ्या मापाला कारागीर बऱ्याचदा एसपी घेत. म्हणजे एकाच कंपनीची 54 सेंमी मापाची आणि 60 ची सायकल वेगळी वाटणारच.

फ्रेमवरचं नळ्यांचं स्टिकर काय, नंतर कुणीही लावतं. सीटपोस्ट (सीटखालची दांडी) उपसून त्यावरचा मिमीतला व्यासाचा आकडा वाचा: 27.2 असेल तर बहुधा एसएल, 27.0 असेल तर एसपी, कारण एसपीची नळी जाड म्हणून आतलं भोक लहान. (आधीच्या मालकाने भलत्याच मापाचा पोस्ट ठोकलेला नाही ना, तेवढं तपासा.) आणि कृपा करून दोन्हींना टायर आणि हवा सारखी ठेवा. एकीला टणक फुगवलेले 23 मिमीचे क्लिंचर (आत वेगळी ट्यूब घालायचे नेहमीचे टायर), दुसरीला सुती ट्युब्युलर (ट्यूब आत शिवलेले, रिमला चिकटवायचे टायर), अशी तुलना टायरचीच होते.