'जेंटल रिमाइंडर'ला मराठीत काय लिहायचं? पाठपुरावा, तगादा, स्मरणपत्र की अजून काही?

आमचं भोसरीला छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, ऑफिसचं सगळं म्हणजे कोटेशन, बिलं, मेल माझ्याकडे. बरेच कस्टमर मराठीच आहेत, फोनवर मराठीत बोलतो आणि मेल मात्र इंग्लिशमध्ये, ते मला खटकायचं म्हणून मराठीत लिहायला लागले. कोटेशन जमलं. अडलं पुढे. १२ दिवस झाले, उत्तर नाही, आणि विचारायला मेल लिहायला बसले तर एक वाक्य धड येईना. आधी लिहिलं 'हे एक सौम्य स्मरण आहे', वाचून मलाच कसंतरी झालं. मग लिहिलं 'आपण अद्याप उत्तर दिलेले नाही, कृपया त्वरित कळवावे', तर भाऊ वाचून म्हणाला, भांडण झालंय का त्यांच्याशी? कृपया लिहूनसुद्धा असं का वाटतं? आणि नेमका शब्द कोणता वापरायचा?

---

ताई, 'सौम्य' खोडलंत ते बरं केलंत. सौम्य म्हटलं की भूकंपाचा धक्का आठवतो नाहीतर पेपरातला सौम्य लाठीमार.

स्मरणपत्र हा शब्द चांगला आहे पण तो दप्तरातला. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर राज्याचा कारभार मराठीत आला त्याबरोबर हेही रुळलं. मी नोकरीभर तेच लिहिलंय, 'संदर्भ: या कार्यालयाचे समक्रमांकाचे पत्र', आणि वर कोपऱ्यात 'स्मरणपत्र क्र. २'. त्या दोनच्या आकड्यातच दटावणी असते, समोरच्या साहेबालाही ती कळते. कस्टमरला असं पाठवू नका.

तगादा मूळ अरबी तकाजा, आपल्याकडे तो सावकाराच्या आणि उधारीच्या तोंडी बसला. स्वतःच्या मेलला कुणी तगादा म्हणत नाही, ज्याला तो मिळतो तो म्हणतो. पाठपुरावा उलट. पाठ पुरवणे म्हणजे मागे लागणे, पण 'रस्त्यासाठी पाठपुरावा केला' असं आपण कौतुकाने सांगतो. मात्र ते तिसऱ्या माणसाला सांगायचं असतं. ज्याच्या मागे लागलोय त्यालाच 'मी पाठपुरावा करत आहे' लिहिलं की पिच्छा पुरवल्यासारखं वाटतं. म्हणून मला विचाराल तर नाव द्यायच्या भानगडीत पडूच नका, 'कोटेशनबद्दल विचारायचं होतं' इतकं सरळ लिहा.

आता कृपयाचं. मराठीत अदब क्रियापदात असते, कृपया मागाहून चिकटवलेलं. 'कृपया चपला बाहेर काढाव्यात' ही पाटीच राहते ना? 'कळवावे' नुसतं आलं की वरून हुकूम आल्यासारखं वाटतं, पण 'कळवावे ही विनंती' म्हटलं की सूर खाली उतरतो, जुन्या पत्रांत 'लोभ असावा ही विनंती' लिहायचे तसं. रोजच्या मेलला 'कळवाल का?' किंवा 'कळवलंत तर बरं होईल' हे सगळ्यात गोड. 'कळवाल ही अपेक्षा' मात्र टाळा, अपेक्षेत थोडा दाब असतो.

आणि 'आपण उत्तर दिलेले नाही' यात दोन घोटाळे. एक तर बोट दाखवलंय, त्याऐवजी 'तुमचं उत्तर माझ्यापर्यंत पोचलेलं दिसत नाही' म्हणा, मेल स्पॅममध्ये गेला असेल अशी जागा समोरच्याला राहते. दुसरं म्हणजे 'आपण' हा शब्दच. 'मागच्या वेळी आपण ठरवलेला दर' लिहिलंत तर कुणी ठरवला, त्यांनी एकट्यांनी की दोघांनी मिळून? मराठीत दोन्ही अर्थ होतात आणि धंद्याच्या मेलमध्ये हे महागात पडतं. खुशाल तुम्ही लिहा, तुम्ही म्हणजे अनादर नव्हे.

---

काकांच्या यादीत 'तसदी' घाला. हाही अरबीतून आलेला, मूळ अर्थ डोकेदुखी देणं. 'तसदीबद्दल क्षमस्व' म्हटलं की नम्र, पण 'उत्तर देण्याची तसदी घेतली नाही' म्हटलं की टोमणा. तोच शब्द. त्यामुळे तसदी द्यायची ती आपण द्यायची, त्यांनी घेतली की नाही ते विचारायचं नाही.

शिवाय पैशाचा मेल असेल तर एवढं मऊ नका लिहू. बिल नंबर, तारीख, रक्कम, एवढंच आणि स्वच्छ. तुमची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंद) असेल आणि तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योगात बसत असाल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे करारात पैसे देण्याची मुदत असली तरी ती ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही, लेखी करार नसेल तर १५ दिवस. हे मागणं आहे, त्यात लाजायचं काय.

---

सगळ्यांचे खूप आभार, खरंच. आज सकाळी हा पाठवला:

'नमस्कार साहेब, ३ तारखेला गेटच्या कामाचं कोटेशन पाठवलं होतं, तुमचं उत्तर माझ्यापर्यंत पोचलेलं दिसत नाही म्हणून लिहितेय. स्टीलचा दर पुरवठादाराने शुक्रवारपर्यंतच धरून ठेवलाय, त्याआधी कळवलंत तर याच दरात काम करता येईल. निर्णयाला वेळ लागणार असेल तर नुसती पोच दिलीत तरी चालेल.'

पोच हा शब्द मला आईमुळे सुचला, ती कुठेही गेलं की 'पोचल्याची पोच दे' म्हणते. दुपारी खरंच पोच आली, दोन ओळींची, मराठीत. साहेब सोमवारी बोलतो म्हणालेत, तर शुक्रवारची मुदत वाढवून घ्यायला पुरवठादाराला फोन केलाय.

एकच राहिलं, शेवटी 'आपली विश्वासू' लिहू की 'कळावे'?

---

कळावे. 'विश्वासू' अर्जाला राहू दे.